यंत्रातली खरखर

कठडा धरून उभे राहा, जहाज हेलकावे खातंय. साल 1889, ऑगस्ट महिना. वाफेवर चालणारं हे ‘नॅशनल’ जहाज जुलैत जर्मनीतल्या कील बंदरातून निघालं आणि आता सारगासो समुद्रात आहे. या समुद्राला कुठल्याच बाजूला किनारा नाही. चारी अंगांनी अटलांटिकचे प्रवाह फिरतात आणि मधलं पाणी तेवढं मागे राहतं. त्यावर सोनेरी-तपकिरी शैवालाचे पुंजके तरंगताहेत. बाकी सगळं निळं. कोकणपट्टीचं गढूळ-हिरवं पाणी पाहत वाढलेल्या माणसाला खोटं वाटावं इतकं निळं.

डेकवर व्हिक्टर हेन्सन आहेत. मूळचे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक. पाण्यात तरंगत जगणाऱ्या बारीक जिवांना ‘प्लँक्टन’ हे नाव यांनीच दोन वर्षांपूर्वी दिलं आणि आता ते हे जीव मोजायला निघालेत. आपल्याला यात नवल वाटत नाही, पण त्या काळी समुद्रातले जीव गोळा करायचे, त्यांची सुंदर चित्रं काढायची, ही रीत होती. त्यांची खानेसुमारी कोण कशाला करील? हेन्सन यांचा प्रश्न मात्र सरळ आहे: समुद्र पिकवतो किती?

विंच कुरकुरते, जाळं वर येतं. त्याचं कापड बोटांत धरून पाहा. रेशमी आहे, पिठाच्या गिरण्यांत चाळायला वापरतात त्या जातीचं. भोकं साधारण मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. सूक्ष्मदर्शकाखाली मोजदाद सुरू होते आणि निष्कर्ष अपेक्षेच्या उलट निघतो. जमिनीवर विषुववृत्ताकडे जावं तसं जंगल दाट होत जातं. इथे उबदार, उजेडात न्हालेल्या पाण्यात उत्तरेच्या थंड समुद्रापेक्षा कितीतरी कमी जीव हाती लागतात. पुढच्याच वर्षी जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल हेन्सन यांच्या मोजणीवर तुटून पडतील. तो वाद आज वाचताना माझी सहानुभूती हेन्सन यांच्याकडे जाते. त्यांचं जाळं जेवढ्यांना अडवत होतं, तेवढ्यांपुरतं त्यांचं उत्तर बरोबर होतं.

आता एक आगाऊपणा करा. कोणाचं लक्ष नसताना बादलीतलं ग्लासभर पाणी घ्या आणि उन्हासमोर धरा. नितळ. त्यात एक-दोन कोटी हिरवे जीव आहेत. त्यांतला प्रत्येक जण त्या रेशमी भोकापेक्षा जवळजवळ शंभर पटींनी लहान. हेन्सन यांना सांगायचा मोह आवरा. दाखवणार कशाने?

मधली वर्षं भरभर उलटू. 1911 मध्ये हान्स लोमान दाखवून देतात की एक चिमुकला समुद्री प्राणी आपल्याभोवती जाळीचं घर विणतो, आणि त्या जाळीत अडकलेले कित्येक जीव माणसाच्या जाळ्यात कधी आलेच नव्हते. म्हणजे माणसापेक्षा हा प्राणी बरा चाळणीवाला. दोन महायुद्धं होऊन जातात. समुद्रातली हिरवळ म्हणजे डायॅटम नावाची सूक्ष्म शैवालं आणि त्यांचे भाऊबंद, हे पाठ्यपुस्तकांत तसंच राहतं.

1977 साली थांबू, कारण आता आपण आपल्याच दारात आहोत. अरबी समुद्र. अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेचे जॉन वॉटरबरी जहाजावर जिवाणू पाहताहेत. जिवाणूंना चकाकणारा रंग द्यायचा, वरून विशिष्ट प्रकाश टाकायचा आणि झळाळणारे ठिपके मोजायचे, अशी पद्धत. रंग न दिलेला नमुना भिंगाखाली जातो. तो काळाच राहायला हवा. डोळा लावून पाहा: नारिंगी ठिपके! कोणी रंग दिलेला नाही, हे जीव मुळातच त्या रंगात चमकतात. प्रकाश टिपण्यासाठी त्यांच्याकडे स्वतःचं रंगद्रव्य आहे. ही सिनेकोकॉकस, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी नील-हरित जिवाणूंची जात. दोन वर्षांनी शोधनिबंध येतो आणि समुद्रात ‘पिकतं’ काय, याचं जुनं चित्र ढासळायला लागतं. पूर्ण ढासळायला अजून एक धक्का बाकी आहे.

त्यासाठी पुन्हा सारगासो समुद्रात या. 1980च्या दशकाचा मध्य. संशोधन जहाजाच्या आतल्या खोलीत शिरा. एका टेबलावर फ्लो सायटोमीटर नावाचं यंत्र आहे. हे घडवलं गेलं रक्तपेशी तपासण्यासाठी. यात पेशी एकामागोमाग एक लेझरच्या झोतासमोरून जातात. प्रत्येकीवरून किती प्रकाश उधळला आणि ती स्वतः कोणत्या रंगात चमकली, याची नोंद पडद्यावर एका ठिपक्याने होते. असलं नाजूक यंत्र हलत्या बोटीवर आणणं हेच मुळात धाडस.

यंत्रापाशी दोघं आहेत. वुड्स होलचे रॉब ओल्सन, आणि सॅली चिझम, ज्यांना सगळे पेनी म्हणतात. चिझमबाईंचा जन्म 1947चा, मिशिगन राज्यातल्या मार्केट गावचा, सुपीरियर सरोवराच्या काठावरचा. 1976 पासून त्या एमआयटीत आहेत, आणि तेही जीवशास्त्राच्या नव्हे, स्थापत्य अभियांत्रिकीच्या विभागात. जीवशास्त्रज्ञाला तिथे जागा मिळावी हा योगायोगच म्हणायचा, पण यंत्रांना न घाबरणारी माणसं आजूबाजूला असली की काय फायदा होतो ते आता दिसेलच.

ते आलेत वॉटरबरींच्या नारिंगी सिनेकोकॉकसच्या मागावर. पडद्यावर तिचा ठिपक्यांचा ढग छान दिसतो. पण खाली कोपऱ्यात, यंत्राला जेमतेम दिसू शकेल अशा पट्टीत, आणखी काहीतरी आहे. लालसर, फिकट. यंत्रातली खरखर असणार, असंच कोणीही म्हणेल. प्रत्येक यंत्राच्या तळाला अशी खरखर असते आणि शहाणा माणूस तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. पृष्ठभागाजवळच्या पाण्यात ती तशीच दिसतेही.

मग खोल पाण्याची बाटली लावली जाते. पडद्यावरून नजर हलवू नका. जसजसे खालचे नमुने येतात, तसतसा तो डाग खरखरीपासून सुटा होत वर सरकतो, उजळतो. खरखरीला खोलीशी काय देणंघेणं? यंत्राचा दोष असता तर तो दहा मीटरला आणि शंभर मीटरला सारखाच दिसला असता. खोल, अंधाऱ्या पाण्यातली वनस्पती मात्र जास्त हरितद्रव्य बाळगते, कारण तिला मिळेल तो उजेड वेचायचा असतो. म्हणजे हा डाग जिवंत आहे, आणि तो उजेडावर जगतो.

या जिवांचं बोलण्यातलं नाव पडतं ‘लिटल ग्रीन्स’. आपण चिमुकले हिरवे म्हणू. जुने धागेही मग जुळतात. नेदरलँड्सच्या संशोधकांना उष्ण अटलांटिकच्या पाण्यात एक अनोळखी हरितद्रव्य काही वर्षांपूर्वीच सापडलं होतं, पण ते कोणाचं हे कळत नव्हतं. आता मालक सापडला. हे वेगळ्या बांधणीचं हरितद्रव्य खोल पाण्यात पोहोचणारा निळा प्रकाश उत्तम टिपतं. 1988 मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध येतो, 1992 मध्ये बारसं होतं: प्रोक्लोरोकॉकस मरायनस. पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषण करणारा हा सगळ्यात लहान आणि संख्येने सगळ्यात मोठा जीव. अंदाजे 3 वर 27 शून्यं. 40 अंश उत्तर ते 40 अंश दक्षिण या पट्ट्यातल्या उघड्या समुद्रात तो जवळपास सगळीकडे आहे.

आता जहाज सोडा आणि पाण्यात उतरा. शंभर मीटर खाली. लहान व्हा, हिरव्या पेशीएवढे, म्हणजे मिलिमीटरच्या दीड हजाराव्या भागाएवढे. पहिलं लक्षात येईल ते हे की पाणी पातळ राहिलेलं नाही. या आकाराला ते मधासारखं चिकट लागतं. तुमच्या शेजारणीला पोहता येत नाही, तिला शेपूट नाही. ती आहे तिथे आहे, जे जवळून जाईल तेवढ्यावर तिचा संसार. वरून येणारा उजेड फक्त निळा. दिवसभर ती साखर बनवत फुगते, आणि दिवस मावळला की दुभंगते. उद्या दोघी हेच करतील. मग समुद्र हिरव्या लगद्याने भरून कसा जात नाही? अंधारात चोहीकडे हालचाल जाणवतेय ना, ते उत्तर आहे. एकपेशीय भक्षक जवळपास तेवढ्याच पेशी गिळतात जेवढ्या जन्मतात. रोजची बाकी शून्याच्या आसपास.

शेजारणीच्या अंगावर येऊन बसलेला तो टोकदार विषाणू पाहिलात? 2003 पासून चिझमबाईंच्या आणि इतर प्रयोगशाळांनी या विषाणूंचे जनुक वाचायला घेतले, तेव्हा त्यांत चक्क प्रकाशसंश्लेषणाचे जनुक निघाले. विषाणूला उजेडाचं काय काम? तो पेशीत शिरून तिचं यंत्र ताब्यात घेतो, पण आपली पिल्लं तयार होईपर्यंत त्या यंत्राला वीज मिळत राहावी म्हणून दुरुस्तीचे भाग स्वतःच घेऊन येतो. शिवाय शेजारणीच्या अंगावरून अधूनमधून बारीक फुगे सुटताना दिसतील. त्यांत प्रथिनं असतात, डीएनएचे तुकडे असतात. 2014 मध्ये ही गोष्ट उघड झाली. एवढी काटकसरी पेशी आपला माल असा पाण्यात का सोडते? कोणाला जेवण, कोणाला निरोप, आणि विषाणूला चकवा देण्यासाठी खोटं लक्ष्य, असे तर्क आहेत. मला स्वतःला चकव्याचा तर्क आवडतो, कारण विषाणू त्या फुग्यांना चिकटलेले दिसलेत.

काटकसरी म्हटलं ते उगीच नव्हे. वर या, एमआयटीच्या प्रयोगशाळेत चला. हा जीव नळीत वाढवणं महाकठीण. तांब्याचा अंश जरा जास्त झाला की मेला. एकटा ठेवला की सुकला. जनुकसंच वाचला तेव्हा कारण कळलं: उजेडात राहणाऱ्या एका प्रकाराकडे जेमतेम 1700 जनुक आहेत, आपल्या आतड्यातल्या ई. कोलायपेक्षा निम्म्याहूनही कमी. एवढ्या थोडक्यात तो सूर्यप्रकाश, पाणी आणि काही क्षार यांतून अख्खा जीव उभा करतो. बाकी सगळं फेकून दिलंय. फॉस्फरस दुर्मीळ, म्हणून पेशीच्या आवरणात फॉस्फरसऐवजी गंधकाची चरबी. आणि गंमत म्हणजे पाण्यात तयार होणारं हायड्रोजन पेरॉक्साइड हे विष मोडणारं विकरही त्याने टाकून दिलंय. ते काम शेजारपाजारचे जिवाणू करतात. चाळीत एकाच बिऱ्हाडाकडे फोन असायचा आणि सगळ्यांचे निरोप तिथेच यायचे, तसा हा कारभार. नळीत दुसरे जिवाणू सोडले की हिरवे तरारून येतात.

माझ्या मते चिझमबाईंच्या कामाचा गाभा इथे आहे. त्यांनी एकच जीव धरला आणि तीन दशकांहून अधिक काळ सोडला नाही. आणि तो जीव मात्र एकटा असा कधी सापडलाच नाही. आधी दिसलं की उजेडातले आणि अंधारातले हिरवे निरनिराळे आहेत. मग 2014 मध्ये बर्म्युडाजवळच्या पाण्यातल्या एकेका पेशीचा जनुकसंच वेगवेगळा वाचला, तर एकाच नमुन्यात शेकडो पोटजमाती एकत्र नांदताना निघाल्या. निदान काही दशलक्ष वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या आणि तरी एकाच थेंबात. एकीकडे लोह कमी लागण्याची युक्ती, दुसरीकडे विषाणूपासून बचावाची. एका पेशीकडे दोनेक हजार जनुक, पण सगळ्या जमातींचा मिळून साठा कित्येक हजारांचा. ऋतू बदलला की कोणी मागे पडतं, कोणी पुढे येतं, आणि गर्दी कायम राहते.

हे असं कसं झालं, ते पाहायला लांब जावं लागेल. पन्नास कोटी वर्षं मागे. समुद्रात कवचवाले प्राणी नुकते माजलेत. कात टाकली की त्यांची कवचं, म्हणजे कायटिनचे तुकडे, पाण्यात तरंगत राहतात. हिरव्यांचे पूर्वज त्या तराफ्यांना चिकटून किनाऱ्यापासून खोल समुद्राकडे निघालेले तुम्हाला दिसतील. तराफा हेच घर आणि भुकेच्या वेळी तेच अन्न. मागाहून त्यांनी तराफा सोडला आणि ते मोकळे झाले. हे कोणी पाहिलेलं नाही. चिझमबाईंच्या गटाने 2023 मध्ये मांडलेलं हे गृहीतक आहे. पण कायटिन पचवण्याचे जनुक आजही काही हिरव्यांकडे शिल्लक आहेत, आणि काहीच न वापरता ठेवायची या जीवाला सवय नाही.

वाटेत एक गैरसमज इथेच उतरवून ठेवा. तुमचा अमुकावा श्वास या जीवाने दिला, अशी वाक्यं तुम्ही वाचली असतील. समुद्रातले सगळे सूक्ष्म हिरवे जीव मिळून पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा जवळपास निम्मा वाटा उचलतात हे खरं, आणि एकटा प्रोक्लोरोकॉकस वर्षाला सुमारे 4 अब्ज टन कार्बन बांधतो. पण समुद्रात निर्माण होणारा ऑक्सिजन बहुतेक समुद्रातच खर्चही होतो. हवेतला साठा कोट्यवधी वर्षांत साचलाय. या जीवाचं मोठेपण सांगायला श्वासाचा हिशेब लागत नाही.

समुद्र ‘पिकवतो’ म्हटल्यावर त्याला खत घालायची कल्पना कोणाला तरी सुचणारच. 2009, फेब्रुवारी, दक्षिण महासागर. गरम कपडे घाला. ‘पोलारस्टर्न’ हे जर्मन जहाज, आणि डेकवर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची मंडळी, त्यांचे प्रमुख वाजिह नक्वी. प्रयोगाचं नाव लोहाफेक्स. सुमारे 300 चौरस किलोमीटर पाण्यात काही टन लोह सोडलं जातंय. तर्क असा की लोह नसल्याने इथली हिरवळ खुंटलीय. ते दिलं की ती माजेल, हवेतला कार्बन खाईल आणि तळाला बुडेल. मग तापमानवाढीवर औषध सापडलं! प्रयोगाआधी जर्मनीत एवढा गदारोळ झाला की परवानगी काही दिवस अडकली होती.

हिरवळ माजली, हे तुम्हाला पाण्याच्या रंगावरून कळेल. पण बुडाली नाही. त्या भागात कवचाला लागणारं सिलिकेट कमी, त्यामुळे जड कवचाचे डायॅटम वाढलेच नाहीत. जे वाढले ते मऊ, चविष्ट. कोळंबीच्या दूरच्या नात्यातले बारीक प्राणी आले आणि फस्त करून गेले. कार्बन फिरून पाण्यातच. चिझमबाईंनी 2001 मध्येच दोन सहकाऱ्यांबरोबर ‘सायन्स’मध्ये लिहिलं होतं की लोह घालून कार्बन क्रेडिट विकण्याचा धंदा समुद्राला परवडणारा नाही. प्रयोग करणाऱ्यांना दोष देण्याचं मात्र कारण नाही. त्यांनी जे झालं ते तसंच छापलं, आणि या प्रश्नात तेवढंच उपयोगी होतं.

चिझमबाईंना पुढे अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं, 2019 मध्ये क्राफोर्ड पारितोषिक मिळालं. मधल्या काळात त्यांनी चित्रकार मॉली बँग यांच्याबरोबर लहान मुलांसाठी सूर्यप्रकाशाची पुस्तकं लिहिली. आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी एवढा वेळ काढला तर बरं होईल, हे जाता जाता.

आता घरी या. अरबी समुद्र, किनाऱ्यापासून बराच आत, चैत्र महिना. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की खालचं पोषक पाणी वर येतं आणि मोठ्या आकाराच्या प्लँक्टनची चलती होते. पण त्याआधीच्या या वाराशून्य दिवसांत वरचा थर तापून स्वच्छ, उपाशी राहतो, आणि उपासात हिरव्यांचा हात कोण धरणार? 1995च्या मोहिमांत नेमक्या याच दिवसांत ते इथे भरपूर सापडले. खाली, जिथे ऑक्सिजन जवळजवळ संपतो त्या थराच्या माथ्यावरही मंद उजेडातले हिरवे राहतात, ते वेगळेच.

एक अडचण आहे. 2013च्या एका मोठ्या अभ्यासाने म्हटलं होतं की समुद्र तापेल तसे हिरवे वाढतील. 2025 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने जहाजांवर अखंड चालणाऱ्या सायटोमीटरच्या दहाएक वर्षांच्या नोंदी तपासल्या, तर उलटं निघालं: साधारण 28 अंशांपर्यंत दुभंगण्याचा वेग वाढतो आणि त्यापुढे झपाट्याने कोसळतो. तापमान फारच वाढलं तर या शतकाच्या अखेरीस उष्ण पट्ट्यातलं त्यांचं उत्पादन निम्म्यावर येऊ शकतं. थोडक्यात जगायची सवय एवढी अंगी मुरली की उष्णतेशी झुंजण्याची साधनंही बहुधा टाकली गेली. आणि उन्हाळ्यात आपल्या समुद्राचं पाणी 28 ओलांडून 30 अंशांच्या घरात जातं.

तेव्हा इथल्या हिरव्यांना काही वेगळी युक्ती साधली आहे, की ते आधीच कडेला येऊन ठेपलेत, हे मोजण्याजोगं आहे. नुसती डोकी मोजून भागत नाही, दुभंगण्याचा वेग हवा. आणि त्यासाठी चोवीस तास, ठरावीक अंतराने, एकाच पाण्याचे नमुने यंत्रातून काढावे लागतात. दिवसाच्या पाळीला माणसं मिळतात. रात्री दोनच्या पाळीवर तुमचं नाव लिहू का?